धाव, मळसूत्र आणि मापाचा पाना

नट म्हटला, की माझ्या आजोबांना बालगंधर्व आठवत आणि वडिलांना काशीनाथ घाणेकर. मला मात्र एका वसुबारसेपासून नट म्हटला, की मोटारीच्या चाकावरचा तो सहा बाजूंचा लोखंडी तुकडाच आठवतो. रंगभूमीवरचा नट सैल पडला, तर फार तर प्रयोग पडतो. हा नट सैल पडला म्हणजे काय होते, याचा अनुभव मी सहकुटुंब घेतलेला आहे. दिवाळीच्या अंकात हे लोखंडाचे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. पण फराळाचे डबे मोटारीत घालून माहेरी, सासरी किंवा देवाला जाण्याची चाल ज्या घरात आहे, त्या घराला हे पुराण परके नाही.

आम्ही भिवंडीचे. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी पाहतो, तो आमच्या गाडीचे मागचे डावे चाक अंगणात उभ्या उभ्या खाली बसलेले. पंक्चरवाल्याचे दुकान कोपऱ्यावर आहे. पण जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर हाताने काम करण्याची फार हौस असते. मी जॅक लावला, चाक काढले, स्टेपनी चढवली. आटे गंजल्यासारखे दिसले, म्हणून त्यांवर शिवणयंत्राचे तेल सोडले. मग एक नट पुरा आवळला, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, असे वर्तुळ पुरे केले. तरी मनाचे समाधान होईना, म्हणून पहिल्या नटाला पाना लावून त्या पान्यावर चक्क उभा राहिलो आणि दोन हिसके दिले. नातवाने विचारले, "आजोबा, झालं?" मी म्हणालो, "आता हे चाक शंभर वर्षं हलायचं नाही."

ते दुसऱ्याच दिवशी हलले. वज्रेश्वरीला जावे म्हणून आम्ही सकाळी निघालो. मी, आमची मंडळी, सूनबाई, दोन नातवंडे आणि करंज्यांचा डबा. कामवारी नदी ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागलो आणि थोड्या वेळाने मागून टक् टक् असा आवाज येऊ लागला. "हा कालच्या चाकाचा आवाज तर नव्हे?" असे मागच्या बाकावरून विचारण्यात आले. "छे, रस्ता खराब आहे," असे मी ठणकावून सांगितले. आणखी दोन-तीन किलोमीटर गेल्यावर गाडी झोके घेऊ लागली, तेव्हा मुकाट्याने एका झाडाखाली थांबलो.

आमच्या मागून येणारी एक मालमोटारही थांबली. तिचा ड्रायव्हर नाशिककडचा, तिशीतला. त्याने काही न विचारता चाकाला हात घातला. पाचपैकी तीन नट त्याच्या नुसत्या बोटांनी फिरले. चौथा जेमतेम धरून होता. आणि ज्याच्यावर मी उभा राहिलो होतो, तो पाना लावताच कट् असा आवाज करून बोल्टाच्या तुकड्यासकट त्याच्या हातात आला. एकाच चाकात मी सैलपणाचे आणि घट्टपणाचे अशी दोन्ही पापे केली होती!

त्याने चाक उतरवून मला आतली बाजू दाखवली. हबच्या तोंडावर गंजाची खपली आणि वाळलेला चिखल होता. ती खपली चाकाखाली दाबली गेली होती. गाडी चालू लागली तशी ती चुरली, चाकाला हलायला जागा झाली आणि नट सैल पडले. त्याने फडक्याने आणि तारेच्या ब्रशाने ते तोंड लख्ख केले, तेल पुसले, उरलेले चार नट समोरासमोरच्या जोडीने आवळले आणि सांगितले, "हळूहळू अंबाडीपर्यंत न्या आणि तिथं नवा बोल्ट घालून घ्या." पैसे घेईना, दोन करंज्या मात्र घेतल्या. निघताना म्हणाला, "काका, जोर भरपूर लावलात. माप नाही लावलंत."

इतिहासाच्या मास्तराला असे वाक्य स्वस्थ बसू देत नाही. हे माप आले कोठून, ते कोणी शोधले, आणि त्यापूर्वी माणसे काय करीत होती, हे पाहावे असे मी ठरवले. शोध सुरू झाला तो आमच्याच गावापासून.

भिवंडी हे चाकांचे गाव. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला घाटावर चढणारा रस्ता आणि मध्ये पेठ. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, त्यात या खाडीचे महत्त्व होतेच. पुढे आगगाडी १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला आली. पण तेथून थळ घाटाकडे वळताना तिने भिवंडीला बाजूस टाकले. त्यामुळे आमचा माल रस्त्यावरच राहिला. उत्तरेकडून, विशेषतः १८५७ नंतर, मोमीन विणकर येथे आले. त्यांचे हातमाग विसाव्या शतकात विजेचे माग झाले. सूत आत येई, कापड बाहेर जाई. प्रथम बैलगाडीतून, मग मालमोटारीतून. वंजारपट्टी नाक्याचे नाव ऐकले, की मला अजून पाठीवर गोणी घेतलेल्या बैलांचे तांडे दिसू लागतात.

या बैलगाडीच्या चाकाकडे आपण कधी नीट पाहिलेले नसते. मधे लाकडी तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर तुकड्यातुकड्यांनी जोडलेला लाकडी घेर आणि त्या सगळ्याभोवती लोखंडी पट्टीचे कडे. या कड्याला 'धाव' म्हणतात. सुतार चाक करी आणि लोहार धाव चढवी. चाकाचा घेर मोजून लोहार धाव त्याहून किंचित लहान घडवी. मग ती गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायची, तापून मोठी झाली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि वरून घागरीने पाणी ओतायचे. धूर, वाफ आणि चर्र आवाज यांत धाव आकसे आणि लाकडाचे सगळे सांधे एकमेकांत घट्ट बसत.

या किंचित लहानपणातच सारी विद्या होती. धाव मोठी झाली तर उन्हाळ्यात लाकूड वाळताच ती निसटणार. फार लहान झाली तर आरे वाकणार आणि चाक तडकणार. ताणलेले लोखंड आकसू पाहते आणि त्या आकसण्यामुळेच चाक एकसंध राहते, हे लोहाराला पुस्तकावाचून ठाऊक होते. माझ्या मोटारीच्या बोल्टाचे तत्त्व याहून तिळमात्र निराळे नाही. पण ते मला ठाऊक नव्हते.

बैलगाडीत एक सोय होती. तिचे चाक आसावर मोकळे फिरते आणि बाहेरून लावलेली खीळ त्याला निसटू देत नाही, एवढेच. मोटारीत ही सोय चालत नाही. तेथे इंजिनाचा जोर चाकाने जमिनीपर्यंत पोचवायचा असतो आणि ब्रेक लावला, की सारी गाडी चाकानेच थोपवायची असते. म्हणून चाक आणि हब यांना एकजीव व्हावे लागते; आणि तरीही टायर फुटला, की त्यांना सहज वेगळेही करता आले पाहिजे. एकाच वेळी घट्ट आणि सुटे, अशी ही चमत्कारिक मागणी आहे.

ही मागणी निर्माण केली हवेच्या टायरने. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. पण रस्त्यावर मोटारीच नव्हत्या, तेव्हा जग ते विसरून गेले. १८८८ साली बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने शोधली. बापाने पोरासाठी केलेल्या खेळण्यातून केवढा धंदा उभा राहिला! मात्र हवेच्या टायरबरोबर पंक्चरही आले. आरंभीच्या मोटारींना जादा चाक नसे. टायर फुटला, की रस्त्याच्या कडेला बसून तो चाकावरच उसवायचा, ठिगळ लावायचे आणि पुन्हा हवा भरायची.

यावर तोड काढली वेल्समधील लानेथ्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी. १९०४ च्या सुमारास त्यांनी हवा भरलेल्या टायरसह नुसते एक कडे तयार केले. ते पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला चापांनी अडकवायचे आणि गाडी हाकायची. त्यांचे दुकान ज्या रस्त्यावर होते, त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. ते कडे कधीच अस्तंगत झाले, पण आपण जादा चाकाला आजही 'स्टेपनी'च म्हणतो. वेल्समधल्या एका रस्त्याचे नाव भिवंडीच्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे, ही इतिहासाची गंमत. पुढे सबंध चाकच काढून दुसरे बसवण्याची सोय झाली, आणि चाकाचा भरवसा येऊन पडला तो नटावर.

पण नट तरी तोपर्यंत भरवशाचा झाला होता काय? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक बोल्टाचा नट त्याच्यापुरता असे. एका बोल्टाचा नट दुसऱ्याला बसत नसे. यंत्र खोलताना खुणा करून जोड्या सांभाळाव्या लागत. लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास आटे कापण्याचे अचूक यंत्र सिद्ध केले. त्याच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने देशभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांच्या आट्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सर्वांनी एकच माप पाळावे, असे सुचवले. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा पुढे केला. दोन मोठी राष्ट्रे पाच अंशांसाठी वेगळी राहिली. दुसऱ्या महायुद्धात एकाच्या यंत्राला दुसऱ्याचा नट बसेना, तेव्हा शहाणपण आले आणि १९४८ साली ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६० अंशांचा एकच आटा मान्य केला.

आपल्याकडे हा घोळ रस्त्यावरच पाहायला मिळे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि फार्गो ही अमेरिकन क्रायस्लर कंपनीची वाहने बाहेर पडू लागली. त्यांची मापे इंचांतली. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि मर्सिडीजच्या मालमोटारी आल्या. त्यांची मापे मिलिमीटरांतली. आग्रा रोडवरच्या फिटरला दोन्ही जातींचे पाने बाळगावे लागत. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो आणि गज जाऊन मीटर येऊ लागला. तेव्हा गृहिणींना भाजी-बाजारात जी अडचण पडली, तीच फिटरांना पान्यांच्या पेटीत पडली.

क्रायस्लरच्या गाड्यांची आणखी एक खोड होती. त्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. गाडी पुढे जाताना चाकाच्या फिरण्याने ते सैल पडू नयेत, हा हेतू. ज्याला हे ठाऊक नसे, तो सैल करायला म्हणून उलट आवळत बसे आणि अखेर बोल्ट मोडून घेई. नटाची बैठक उतरती, शंकूसारखी असली आणि तो योग्य मापाने आवळला, की दोन्ही बाजूंना सुलटे आटे चालतात, असा अनुभव आल्यावर ही पद्धत मागे पडली. १९७० च्या सुमारास क्रायस्लरनेही ती सोडली.

आता ते 'योग्य माप' कोणते? नट आवळताना आपण नट घट्ट करतो, असे आपल्याला वाटते. वास्तविक आपण बोल्ट ताणत असतो. बोल्ट केसभर लांबतो आणि धनुष्याच्या दोरीसारखा मागे येऊ पाहतो. त्या ओढीने चाक हबवर दाबले जाते आणि त्या दाबातून उत्पन्न होणारे घर्षण चाकाला जागच्या जागी धरून ठेवते. लोहाराच्या धावेचीच ही धाकटी बहीण! बोल्ट पुरता ताणला नाही, तर चाक हबवर सरकू लागते. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले, की बोल्टाला आडवे हिसके बसले आणि सांधा सरकू लागला, म्हणजे नट आपोआप उलटा फिरत जातो. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. उलटपक्षी, बोल्ट त्याच्या सहनशक्तीपलीकडे ताणला, तर तो परत आकसतच नाही. आणि एक दिवस तुटतो.

यातली खरी अडचण अशी, की हा ताण हाताला कळत नाही. आपण लावलेल्या जोरापैकी ढोबळ मानाने निम्मा जोर नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात जातो, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. गंज असला, की घर्षण वाढते आणि बोल्ट पुरता न ताणताच हाताला घट्ट लागतो. तेल असले, की घर्षण घटते आणि तेवढ्याच जोराने बोल्ट भलताच ताणला जातो. हबवर गंज आणि आट्यांना तेल! मी दोन्हींकडून फसलो होतो.

म्हणून मापाचा पाना आला. त्याचे श्रेय न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यातील कॉनराड बार याला देतात. नळांच्या जोडांवरचे बोल्ट कोणी कमी, कोणी जास्त आवळी. ते सारखे आवळले जावेत म्हणून त्याने १९१८ मध्ये जोर मोजणारा पाना केला. आज मिळणाऱ्या साध्या पान्यावर आकडा लावून ठेवायचा. तेवढा पीळ बसला, की पाना 'टक्' करतो आणि माणसाने थांबायचे.

हा पीळ न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. घरगुती मोटारींना बहुधा ८० ते १४० च्या दरम्यान आकडा असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. शंभर न्यूटन-मीटर म्हणजे अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाशी सुमारे २० किलोंचा भार. गाडीबरोबर मिळणारा पाव मीटरचा आखूड पाना असेल, तर ४० किलो. हेच ४० किलो मीटरभर लांबीच्या पाइपाच्या टोकाशी दिले, तर पीळ होतो सुमारे ४००. पान्यावर उभे राहणारे आणि पान्याला पाइप अडकवणारे, दोघांनीही हा हिशेब एकदा करावा.

आता घरी चाक बदलणाऱ्यांसाठी रीत सांगतो; ती मी पैसे मोडून आणि अब्रू घालवून शिकलो आहे. गाडी सपाट कठीण जागी उभी करून हँडब्रेक लावावा आणि समोरच्या चाकाला दगडांची अडण द्यावी. चाक जमिनीवर असतानाच नट किंचित सैल करावेत, मग जॅक लावावा. गाडीखाली हातपाय घालू नयेत. हबचे तोंड आणि चाकाची आतली बाजू घासून स्वच्छ करावी. पुस्तिकेत सांगितले नसेल, तर आट्यांना तेल लावू नये. सगळे नट प्रथम बोटांनी फिरवावेत; बोटांनी फिरत नसेल, तर आटे वाकडे बसले आहेत असे समजावे आणि पाना लावू नये. मग पान्याने बेताचे आवळावेत, तेही समोरासमोरचे घेत. चार नट असतील तर फुलीसारखे आणि पाच असतील तर पोरे हात न उचलता पाच टोकांची चांदणी काढतात, त्या क्रमाने. गाडी खाली उतरवल्यावर त्याच क्रमाने मापाच्या पान्याने शेवटचा पीळ द्यावा. आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासावे. कारण नवे बसलेले चाक, नव्या सुनेप्रमाणे, घरात रुळायला थोडा वेळ घेते.

रस्त्यावरच्या दुकानात हवेच्या बंदुकीने नट घर्रकन बसवतात. काम झटपट होते. पण त्या बंदुकीला थांबायचे कोठे, हे चालवणाऱ्याच्या हातावर असते. त्यांच्याशी भांडू नये. "दादा, शेवटचा हात मापाच्या पान्याने मारा," एवढे नम्रपणे म्हणावे. पाना नसेल, तर घरी येऊन स्वतः मारावा, पण तोही नट थोडा सैल करून, नव्याने. आधीच जास्त आवळलेला नट 'टक्' असा आवाज काढतो, पण खरे बोलत नाही.

भिवंडीत आता गोदामांची गावेच्या गावे वसली आहेत. मुंबईत जकात होती, ती २०१७ मध्ये उठली. पण तिच्यापायी शहराबाहेर उभी राहू लागलेली गोदामे उठली नाहीत, उलट वाढली. मानकोली, अंजूर फाटा, वडपे येथे रात्रंदिवस मालमोटारींची रांग असते. कुर्ल्याच्या कारखान्याची पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. चाके बदलली, गाड्या बदलल्या. पण पहाटे फिरायला गेलो, की एखादा ड्रायव्हर निघण्यापूर्वी गाडीभोवती फेरी घालताना दिसतो. प्रत्येक चाकापाशी वाकतो, नटांवरून हात फिरवतो, गंजाचा ताजा ओघळ दिसला तर थांबतो. नट हलू लागला, की त्याच्या बुडाशी असा तांबूस ओघळ दिसतो, हे मला अशाच एकाने शिकवले. पूर्वी मला वाटे, ही माणसे देवाचे नाव घेत प्रदक्षिणा घालतात. तेही घेत असतील.

पुढच्या खंडेनवमीला मी गाडीला झेंडूची माळ घातली, तशी पान्यालाही घातली. आमच्या मंडळींनी त्याला हळदकुंकू वाहिले आणि नातवाने चांदणीचा क्रम तोंडपाठ म्हणून दाखवला. त्या वसुबारसेला आम्ही पुन्हा वज्रेश्वरीला निघालो. चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयानंतर नवसाने बांधलेले ते किल्ल्यासारखे देऊळ गेल्या खेपेस आम्हाला अंबाडीहून परतल्यामुळे दिसले नव्हते. चाक कोठेही वाजले नाही. दर्शन झाले, उन्हाळ्यांच्या गरम पाण्यात पोरांनी पाय सोडले, उरलेल्या करंज्या खाल्ल्या. परतीला गाडीत बसता बसता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "अहो, परवाच चाक बदललंत ना? पन्नास किलोमीटर होत आले असतील."

मी मुकाट्याने खाली उतरलो आणि डिकीतून पाना काढला.